सातव्या प्रकरणाची तारीफ

पुस्तक न वाचण्यात चिटणिसाचा फायदा सरळ होता: एक अख्खी संध्याकाळ. साहेब राज्यातले बडे नेते. नवे लेखक आपलं पुस्तक त्यांना अभिप्रायासाठी पाठवत आणि उत्तर धाडायचं काम चिटणिसाचं. मजकूर ठरलेला. ‘एका बैठकीत वाचलं. सातव्या प्रकरणानं डोळ्यांत पाणी आणलं.’ सातवंच का? पहिल्याची तारीफ केली तर पुढं वाचलं नाही असा संशय येतो. साहेब न बघता सही ठोकत. बारा वर्षांत एकाही लेखकानं कुरकुर केली नव्हती.

म्हणून तेच पत्र घेऊन साठीच्या एक बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यानं घाईघाईनं खुर्ची पुढं सरकवली. बाईंचं पहिलंच पुस्तक, तेही टोपणनावानं.

“बसा ना ताई. प्रस्तावना हवीय का?”

“छे हो. एवढंच सांगा भाऊ, हे साहेबांनी स्वतः लिहिलंय?”

खरं बोलावं तर नोकरी जाते.

“म्हणजे काय! मी फक्त टाइप केलं.”

“सातवं प्रकरण वाचलं त्यांनी?”

“दोनदा!”

“आणि डोळ्यांत पाणी?”

“चष्मा पुसत होते हो. मलाच बघवेना.”

बाईंनी पत्राची घडी जपून पिशवीत ठेवली. “मग झालं माझं काम,” म्हणाल्या आणि गेल्या.

सुटलो एकदाचा, म्हणत तो खुर्चीत टेकला खरा, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आईच्या वयाची बाई! निदान ते एक प्रकरण तरी वाचावं, म्हणून त्यानं गठ्ठ्यातून पुस्तक उपसलं.

सातवं प्रकरण चार पानांचं होतं. कोसळलेल्या पुलाचं, त्यावरून घरी निघालेल्या मुलाचं, आणि कच्च्या कामाला मंजुरी देणाऱ्या एका सहीचं. सही कुणाची, तेही लिहिलं होतं.

दुपारी साहेबांच्या वकिलांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

“अहो, पुलाच्या खटल्यातल्या बाईंनी दावा मागे घेतला! नऊ वर्षं हटत नव्हत्या. म्हणतात, ‘त्यांना माझ्या पोरासाठी रडू आलं, मला तेवढंच हवं होतं.’ काय जादू केलीत?”

चिटणिसानं फोन ठेवला. साहेबांचं काही गेलं नव्हतं, त्याचंही नाही. जे गेलं ते दोन्ही वेळा बाईंचंच: आधी मुलगा, आता खटला.