ऑर्विल उठला की

ऑर्विलची बेसबॉलची पहिली आठवण खेळाची नव्हतीच. सहाव्या वर्षी वडिलांनी त्याला सामन्याला नेलं होतं. शेवटच्या डावात आपला संघ हरत होता, नेमकी तेव्हाच त्याला लघवीला लागली, आणि तो आत असतानाच बाहेर एकच जल्लोष झाला. पुढच्या सामन्यात संघ हरायला लागताच वडिलांनी त्याला मुद्दामच बाहेर पाठवलं, आणि संघ पुन्हा जिंकला. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं होतं, की संघ अडचणीत आला की ऑर्विलनं उठायचं.

आज म्हातारपणी तो अंतिम सामन्याला बहिणीशेजारी बसला होता. आपला संघ जिंकताना एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, असं मनाशी घोकूनच तो आला होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात संघ एका धावेनं मागे होता.

"दादा," बर्निस शेंगा सोलत, समोरच बघत म्हणाली, "तुला लागली नाही का रे?"

"नाही."

"बघ हं. अख्खं गाव शिव्या घालेल."

"या वयात तरी बसू दे गं मला."

"बस की. मी कुठं नको म्हणते? हरू देत बिचारे."

ऑर्विलनं टोपी सारखी केली आणि तो उठून बाहेर पडला.

 

बाहेरच्या व्हरांड्यात मैदानाकडे पाठ करून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांची चांगलीच दाटी झाली होती, त्यांतला एक जण मागे न बघताच म्हणाला, "सरका रे जरा, आणखी एक उठून आलाय."