टोपीमागची फांदी

गेल्या हिवाळ्यात तिने लालकंठी पाहिल्याची नोंद केली, तेव्हा पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर, तो ग्रुप चालवणाऱ्या सरांनी ती सगळ्यांदेखत खोडून काढली होती. "वहिनी, तो पक्षी आपल्याकडे फिरकतसुद्धा नाही. चिमणी असेल. चष्म्याचा नंबर तपासून घ्या." ग्रुप खो खो हसला. तिने तो अपमान गिळला, पण पचवला नाही.

आज तळ्याकाठी दोघंच लवकर पोचले आणि सरांनी तेच पुराण पुन्हा लावलं. तेवढ्यात त्यांच्या मागच्या फांदीवर एक इवलासा पक्षी येऊन बसला आणि लालभडक गळा फुगवून गाऊ लागला. सर बोलायला लागले की त्यांना दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नसे.

"सर, अस्सेच उभे राहा. फोटो छान येतोय."

सरांनी टोपी सारखी केली, हनुवटी उचलली. तिने फोटो फक्त त्यांनाच पाठवला. स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यात स्वतःशिवाय ते दुसरं काही बघणार नाहीत, हेही.

संध्याकाळी त्या फोटोखाली कौतुकाची रीघ लागली, तेव्हा तिने लिहिलं:



"सर, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तुमच्या टोपीमागे गातेय ती चिमणीच ना?"