पत्र क्रमांक चारशे सतरा

"एकही कागद न वाचता तुला कळलं?" हरिचंद्र आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मग शाळेत घातलं कशाला?"

जिज्ञासा बेलवलीहून लॅपटॉप घेऊन आली होती. कॉलेजच्या प्रोजेक्टला कागदांचा ढीग हवा होता, आणि बारवी धरणाच्या अंगाला त्या वाडीत आजोबांएवढा ढीग कोणाकडेच नव्हता. वाडीला एक नळ द्या, एवढीच मागणी. एकोणीस वर्षांत अर्ज एकशे बारा, फाइलीत उत्तरं एकशे अकरा. धरण दारातून दिसायचं. पाणी बदलापूरला जायचं आणि कमळाबाई आजी हंडा घेऊन विहिरीला.

"एक कागद म्हणजे एक टिंब, आजोबा. त्यात दुसऱ्या कागदाचा नंबर आला की मध्ये रेघ मारायची. ज्याच्याकडे जास्त रेघा, तो मोठा माणूस. ह्याला ग्राफ म्हणतात."

स्क्रीनवर सगळ्या रेघा एकाच टिंबाकडे निघाल्या होत्या, हळदीला पाव्हणे निघावेत तशा.

"हे चारशे सतरा. प्रत्येक उत्तरात आहे. 'संदर्भ: आमचे पत्र क्रमांक ४१७. त्यानुसार कार्यवाही करावी.'"

"ते असतंच. वरची ओळ म्हणजे सरकारी नमस्कार."

"आणि खालची?"

"साहेब कारकुनाला सांगतोय, असं वाटायचं."

"पण फाइलीत चारशे सतरा नाहीच!"

आजोबांना आठवेना. चुलीपाशी आजीने फुंकणी खाली ठेवली. "पयलं पाकीट आलं होतं, ते फाइलीत कसं असंल? पयलं कणीस देवाला, तसं पयलं पाकीट देवाला."

"उघडलं नाही?"

"देवाम्होरचं उचलायचं कोनी?"

देव्हाऱ्यातल्या टाकांखालून पाकीट निघालं. हळदकुंकवाने शिक्का आणखीच सरकारी दिसत होता. जिज्ञासाने कडेने फाडलं. हा एक कागद मात्र तिने वाचला. नळ मंजूर. जागा ठरवावी, सोबतच्या नमुन्यावर सही करून परत पाठवावा. मुदत लिहायला साहेब विसरले होते.

मागितलेलं एकोणीस वर्षं घरातच होतं, आणि त्याची रोज पूजा होत होती.

"आता चालंल?" आजोबांनी हळूच विचारलं.

"शेवटचं उत्तर गेल्या महिन्यातलं. त्यातही चारशे सतराच आहे. ते अजून वाट बघतायत, आजोबा."

आजोबांनी पेन उघडलं. सही केली. मग राहवेना, म्हणून वर सुबक अक्षरात पहिल्यांदाच नमस्कार घातला: संदर्भ, आपले पत्र क्रमांक ४१७.

"आन् जागा?" असं म्हणत आजी रिकामा हंडा घेऊन बाहेर गेली. वाडीच्या मधोमध, चिंचेखाली, तिने तो जोर लावून टेकवला.

"हितं."

हंडा उचलला, तर मातीत गोल शिक्का उठला होता.