भेरूकाकांची बोटं

“गोळ्या ओल्या होत्या, साहेब. आईची आण,” नाथू गमेती तिसऱ्यांदा म्हणाला.

पुरोहितसाहेबांनी वहीचं पान उलटलं. जस्ताच्या कारखान्यात ही काही पहिली चौकशी नव्हती. पण भट्टीच्या स्फोटात मेलेला हकमा नाथूचा साडू होता, आणि सोमवारी भट्टीचं दार उघडलं होतं नाथूनंच. गोळ्या ओल्या असतील तर त्या आत वाफेनं फुटल्या, दोष गोळ्या वळणाऱ्या थाळीवाल्याचा. गोळ्या नीट असतील तर दार अवेळी उघडणाऱ्या नाथूचा. मग नोकरी जाणार, आणि पोलीस तर बाहेर बसलेच होते.

थाळीवर भेरूकाका डांगी, बत्तीस वर्षं. फिरत्या थाळीत जस्ताची काळी भुकटी पडायची, वरून पाणी शिंपडलं जायचं. वाटाण्याएवढ्या गोळ्या वळल्या की काका एक उचलून चिमटीत दाबायचे. ते “जाऊ द्या” म्हणाले की माल भट्टीकडे. ओल मोजायचं यंत्र दोन वर्षं बंद पडून होतं. काकांची बोटं असताना यंत्र हवंय कुणाला, असं सगळेच म्हणायचे, साहेबसुद्धा.

चहा आला. साहेबांनी ग्लास रुमालात धरला, काकांनी सरळ मुठीत.

“काकांचे हात म्हणजे लोखंड,” शिपाई म्हणाला. हसलं कुणीच नाही.

“काका, हकमाला लग्नात घोडीवर तुम्हीच बसवलंत,” नाथूचा आवाज फाटला. “त्याच्या लेकरांकडे बघून तरी खरं बोला.”

“खोटं बोलायचं वय राहिलंय का माझं? ह्या हाताखालून ओली गोळी आजवर गेली नाही.”

साहेबांनी वही मिटली. “वाद कशाला? सोमवारच्या पाळीचा नमुना प्रयोगशाळेत ठेवलाय. काका, तुम्ही दाबून सांगा. तुम्ही म्हणाल तेच लिहितो.”

नाथूनं मान खाली घातली. त्याचाही काकांच्या बोटांवर विश्वास होता, हेच वाईट.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. टेबलावर पत्र्याच्या तबकात गोळ्या मांडलेल्या होत्या.

“ह्याच दिसतायत,” साहेब म्हणाले.

काकांनी एक उचलली. चिमटीत धरून डोळे मिटले. अंगठ्यानं सावकाश फिरवली, दाबली, पुन्हा फिरवली.

“ओल नेमकी आहे,” ते म्हणाले. “बोटाला गार लागते, पण चिकटत नाही. भट्टीला अशीच लागते. लिहा, साहेब.”

साहेबांनी लिहिलं. नाथू भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या विमलाबाई आल्या. एका हातात लाख लावून बंद केलेला डबा, दुसऱ्या हातात लांब चिमटा.

“सोमवारच्या गोळ्या ह्या डब्यात आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि त्या तबकाला कुणी हात लावू नका, आत्ताच तापल्या ओव्हनमधून काढलंय.”