मंथनच्या गाडीचा उजेड

"जरा वर धर की रं फोकस," भरमूआण्णा म्हणाला.

नागेंद्र गाडीच्या नाकाशी उकिडवा बसला होता. वडगावातल्या त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर नव्या एलईडी दिव्यांचे दोन पांढरेशुभ्र गोळे पडले होते. शेजारच्या घरात माग खडखडत होते, त्यामुळं त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"वर नको आण्णा. समोरच्याच्या डोळ्यात जातंय."

"डोळ्यातच जाऊ दे."

नागेंद्रनं मान वळवून बघितलं. सत्तरीला टेकलेला म्हातारा, कपाळाला बुक्का. आणि गाडी कसली, तर जमिनीला पोट घासणारी, दोनच माणसांची, जुनी लाल स्पोर्ट्स कार. आत बसायचं म्हणजे म्हाताऱ्याला अंगाची घडीच घालावी लागे.

"रस्त्याला चालवायची हाय न्हवं?"

"न्हाय. गल्लीतनं अंगणापत्तर. पोराची गाडी हाय. त्याची आई म्हणती, मंथनची गाडी आल्याली हल्ली कळंना. उजेडच दिसंना झालाय."

"मग पोराला धाडायचं. तुमी कशाला गुडघं मोडून घेताय?"

"त्याला सवड न्हाय."

"आईसाठी दिवं बदलणारं पोरगं पयल्यांदाच बघालोय," नागेंद्र हसला. "आमचं आईचा मोबाईलसुदीक चार्जिंगला लावत न्हाय."

भरमूआण्णाही हसला. नागेंद्रनं पिवळ्या पडलेल्या जुन्या काचा बाजूला सारल्या आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवला. भिंतीवरचे गोळे हातभर वर चढले.

घरी, उचगावच्या वाटेला लागेपर्यंत म्हाताऱ्याचं हसू विरून गेलं होतं.

मंथनला सवड नव्हती, हे काही खोटं नव्हतं. गेल्या वर्षी श्रावणात गोव्याहून येताना कणकुंबीजवळ पंक्चर झालेलं चाक बदलायला तो खाली उतरला, आणि मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. गाडीला ओरखडासुद्धा नाही.

त्याची आई जयाबाई तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बेळगावात दवाखान्यात होती. डोळे काही परत आले नाहीत. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं.

त्यात मायलेकरांचा आधीपासूनचा अबोला. ही गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी रागाच्या भरात ती बोलून गेली होती, "ह्या गाडीतनं परत मला तोंड दावू नको." तेव्हापासून मंथन रोज दिवेलागणीला यायचा, दोनदा हॉर्न द्यायचा, मागच्या दारानं आपल्या खोलीत शिरायचा, झाकलेलं ताट संपवायचा आणि पहाटे कामाला निघून जायचा. आईशी चकार शब्द नाही.

खरं कळलं तर जयाबाई स्वतःच्याच त्या शब्दाखाली चिरडून मरेल, याची भरमूआण्णाला धास्ती होती. दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा त्यानं हात जोडले. "मंथन, तुझी गाडी रोज दारात आणतो. आईला कळू देत न्हाय." शब्द संपायच्या आत कावळा झेपावला.

मग जयाबाईला कुणी सांगू नये म्हणून त्यानं साऱ्या गल्लीपुढं हात जोडले. मंथनचं घड्याळ पोलिसांकडून परत मिळालं, ते तांदळाच्या पिंपात पार तळाशी पुरलं. दुसरी जागाच सुचली नाही. गाडी पहाटे नेऊन दिवसभर वेशीजवळ ओळखीच्या केदारीच्या खोपटात लावायची. रोज तिन्हीसांजेला भजनाच्या नावाखाली घराबाहेर पडायचं, गाडी अंगणात आणायची, दोनदा हॉर्न द्यायचा, मागनं खोलीत जाऊन मंथनचं ताट संपवायचं, आणि पुढच्या दारानं "आटपलं गं भजन" म्हणत परत जेवायला बसायचं. भूक नसताना.

"अजून राग गेला न्हाय व्हय त्याचा?" ती विचारायची.

"जाईल गं."

आज मंथनचा पहिला म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. घरी पान वाढायची सोय नव्हती. पहाटेच भरमूआण्णा गाडी घेऊन कणकुंबीला गेला, नदीकाठी पान ठेवून ऊन तापेपर्यंत बसला. कावळे झाडावर होते. एकही खाली उतरला नाही.

"बोलल्यागत वागालोय की रं," तो झाडाकडं बघून म्हणाला. शेवटी पान तसंच सोडून उठला आणि वडगावचा रस्ता धरला.

आता परतताना त्याला सप्ताहातलं कीर्तन आठवत होतं. बुवा म्हणाले होते, देवाला अंधारातही दिसतं बाबांनो. दिवा लावायचा तो लावणाऱ्याला दिसावं म्हणून. मागं टाळ धरून उभ्या असलेल्या भरमूआण्णानं तेव्हा मान डोलावली होती. आपला दिवा मात्र जयाबाईसाठी, असं त्याच्या मनात आलं होतं.

अंधार पडता पडता गाडी अंगणात वळली. दोनदा हॉर्न वाजला. उजेड घरावर असा आदळला की भिंतीचा पोपडा न् पोपडा उठून दिसला.

"आलं बग माझं पोर," आतून जयाबाईचा आवाज आला. "आज दिसला गं बाई उजेड. ताट झाकून ठेवलंय रं मंथन."

भरमूआण्णानं डोळे पुसले आणि दार उघडून तो खाली उतरला. मागच्या दाराकडं निघाला आणि न्हाणीपाशी थबकला.

नागेंद्रनं वर चढवलेला उजेड न्हाणीच्या ठेंगण्या, उतरत्या पत्र्यावर पडला होता. जुने दिवे तिथवर कधी पोचलेच नव्हते.

पत्र्यावर केळीचं पान होतं. कडक भाकरी, लसणाचा ठेचा, खव्याच्या बेळगावी कुंद्याचा तुकडा. सगळं मंथनच्या आवडीचं. पान उडू नये म्हणून कडेला त्याचं घड्याळ ठेवलं होतं. पट्ट्याच्या फटीत तांदळाची पांढरी धूळ.

भाकरीला चोचीचे घाव होते. कुंदा निम्मा संपला होता. मंथन सकाळीच आईच्या हातचं जेवून गेला होता.