गाण्यातली सायकल

"आज पुन्हा तेच," तो मनात म्हणाला आणि डोळे न उघडता पडून राहिला.

रविवारची दुपार होती. जेवणानंतरची आरामखुर्चीतली डुलकी नुकतीच संपली होती आणि बायको चहा टाकता टाकता गुणगुणत होती.

"दूर वो सायकल दिखी, दिल धडकने लग गया..."

एवढीच ओळ. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. गेले काही रविवार हेच चाललं होतं.

जुन्या हिंदी सिनेमांतली विसरलेली गाणी शोधून काढणं हा त्याचा छंद. छंद कसला, खूळच. पडलेले सिनेमे, हरवलेल्या तबकड्या, कोणाच्या लक्षात न राहिलेले गायक, सगळ्यांची त्याला खडानखडा माहिती. कोणी अर्धी ओळ म्हटली की हा सिनेमा सांगून मोकळा. आणि जिनं त्याच्या तबकड्यांना धूळ पुसण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता, ती बायको त्याला माहीत नसलेलं गाणं म्हणत होती.

"कुठलं गं हे?" चहा घेताना त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"तुम्ही सांगायचं. एवढं नाव आहे तुमचं."

"कोणाकडून ऐकलंस?"

"आहे एक गाणारा." ती गालातल्या गालात हसली. "पण त्याला विचारायला जाऊ नका. लाजेल बिचारा."

त्या 'बिचारा'नं त्याचं डोकंच फिरवलं.

सायकलवरच्या सहलीची गाणी त्याच्याकडे ढिगानं होती. ती सगळी त्यानं पालथी घातली. त्यांत ही ओळ नव्हती. मग गाणं सोडून तो गाणाऱ्याच्या मागे लागला. बायको जाऊन जाऊन जाते कुठे? दाताच्या डॉक्टरकडे. तिथं ती काउंटर सांभाळायची. डॉक्टर काम करताना गाणी गुणगुणतात, हे तिनंच एकदा सांगितलं होतं. आणि तेही कौतुकानं.

तो दात दाखवायला गेला.

"कुठला दुखतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

एकही दुखत नव्हता. त्यानं अंदाजानं एका दाढेवर बोट ठेवलं.

डॉक्टर देखणे होते. तोंडावर मास्क असूनही देखणे, आणि याचा त्याला मनापासून राग आला. वाकून बघता बघता ते गुणगुणत होते. गाणं वेगळंच होतं. पण नवरा समोर आ वासून पडलेला असताना कोणता शहाणा माणूस ते गाणं म्हणेल? आणि तोंडात दोन हत्यारं असताना हा विचारणार तरी काय?

"दाढ ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "दात मात्र झिजलेत. झोपेत तुमचं तोंड चालू असतं. घरी कोणी बोललं नाही?" मग काउंटरकडे बघून म्हणाले, "काय हो ताई, तुम्हाला माहीत असेल की."

ती तोंडावर हात धरून हसायला लागली. डॉक्टरही हसले. हसत नव्हता तो फक्त हाच. इतके दिवस आपण दातओठ खातोय, झिजतील नाहीतर काय, असं मनाशी म्हणत तो खुर्चीतून उतरला. आणि म्हणे 'ताई'.

शेवटी नाक मुठीत धरून तो तबकडीवाल्या काकांकडे गेला. काका त्याच छंदातले आणि त्याच्याहून मुरलेले. त्यांना विचारायचं म्हणजे हार कबूल करायची. तीही केली. त्यानं ओळ म्हणून दाखवली, तसे काका ठसका लागेपर्यंत हसले.

"अरे, सायकल नव्हे, साहिल. साहिल म्हणजे किनारा. होडी वादळात सापडलीय आणि हिरोला लांबून किनारा दिसतो. सिनेमा आला तसा गेला, कोणाला कळलंसुद्धा नाही. ही सायकल कोणाच्या डोक्यातून निघाली?"

"आहे एक गाढव," तो म्हणाला.

"गाढव व्याकरणात पक्कं आहे हां. 'साहिल दिखा'चं 'सायकल दिखी' केलंय बघ. ऐकण्यातली चूक नाही ही, मुद्दाम केलंय."

काकांनी तबकडी लावली. आधी खरखर, मग सूर. ऐकता ऐकता त्याला उगाचच एक उताराचा रस्ता आठवला, उन्हात कोपऱ्यावर कोणाची तरी वाट बघत उभं राहणं आठवलं. कडवं यायच्या आधीच त्याची बोटं टेबलावर पुढचा ताल धरून बसली. इतकी वर्षं गाणी ऐकली की बोटांना आपोआप कळतं, असं त्यानं काकांना ऐकवलं आणि तबकडी मागून आणली.

रविवारी जेवण झाल्यावर तो झोपला नाही. त्यानं तबकडी लावली. पदराला हात पुसत ती दारात येऊन उभी राहिली.

"ऐक नीट. साहिल आहे ते. मूळ गाण्यात सायकल नाही, कधीच नव्हती. सांग तुझ्या त्या गाणाऱ्याला." त्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "डॉक्टर असो नाहीतर आणखी कोणी. दुसऱ्या कोणाचं गाणं तुझ्या तोंडी आलेलं मला सहन होत नाही."

तिला आधी काही उलगडा होईना. झाला तेव्हा ती इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं.

"अहो, डॉक्टर कुठले? तो गाणारा म्हणजे तुम्हीच. रविवारी याच खुर्चीत, घोरणं थांबलं की सुरू होता. लग्न झाल्यापासून ऐकतेय. झोपेत चेहरा काय खुलतो तुमचा! मला वाटलं, तुमच्या त्या सतराशे साठ गाण्यांत सायकलीचंही एखादं असेल."

त्याचा जीव भांड्यात पडला. तोही हसायला लागला. तबकडी फिरत होती. होडीतल्या हिरोला पुन्हा किनारा दिसला.

तिचं हसू मात्र हळूहळू ओसरलं. ती उठली, तबकडीवरची सुई उचलून बाजूला ठेवली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"मूळ गाण्यात सायकल नाहीच म्हणता," ती म्हणाली. "मग ही सायकल कोणाची?"