ओब्दुलियाचा उजवा हात

हवानाच्या सिगार कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या ओब्दुलियाच्या मागे मुकादम उभा राहिला. “मावशी, तुमच्या सिगार ढिल्या निघताहेत. एक वळा बघू.” तिने जीव मुठीत धरून वरचं पान गुंडाळलं. टोक बंद करणारी पानाच्या तुकड्याची नखाएवढी टोपी चिकटवायची राहिली, आणि तिथेच उजवा हात थरथरायला लागला. हे दिसलं की उद्यापासून घरी. उंच खुर्चीवरचा वाचक रोजच्यासारखं कामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता: “उद्या हवामान कोरडं राहील.” शेजारच्या फेलिसिआनोने तिच्या हाताकडे पाहिलं आणि पान कापायची सुरी फळीवर आपटली. वाचलेलं आवडलं की इथे अशीच दाद देतात. क्षणात दोनशे सुऱ्या दणाणल्या. “हवामानाला दाद?” मुकादम खेकसला. “कोरडं आहे ना, साहेब!” फेलिसिआनो म्हणाला. फळ्या हादरत होत्या. आता सगळ्यांचेच हात थरथरत होते.